घंटी नसलेली शेगडी

आमच्या इमारतीचा जिना कोण चढतंय हे मला दार न उघडता कळतं. तळमजल्यावरचे आजोबा काठी आपटत येतात, वरची कॉलेजातली पोरगी फोनवर कुणाशी तरी भांडत येते, आणि माझ्या शेजारचा टिंगटिंग येतो त्याच्या आधी त्याचा वास येतो. तळलेल्या बटाट्याचा वास. माणूस सुट्टीच्या दिवशी न्हाऊन-धुऊन, धुवट शर्ट घालून आला तरी वास आपला हजर. मी कपडे दुरुस्तीची कामं करते. बाह्या आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कंबर सैल करून द्यायची. त्याचा शर्ट मशीनवर घेतला की मला आधी खिडकी उघडावी लागते.

टिंगटिंग हे काही त्याचं नाव नव्हे. चौकात ते मोठं झगझगीत दुकान आहे ना, जिथं माणसं गाडीतून न उतरता खिडकीतून पुडकी घेतात, तिथं तो तळणीवर असतो. तिथल्या तळणीला घंट्या आहेत. बटाटे झाले की एक घंटी, कोंबडी झाली की दुसरी. घंटी वाजली की जाळी उचलायची, झटकायची, मीठ मारायचं आणि पुढं सरकवायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्याच्या उजव्या हाताला घंटी कळते, त्याच्या डोक्याला नंतर कळते. एकदा माझ्याकडे चहा पीत बसला होता आणि माझं कपडे धुण्याचं यंत्र वाजलं. पठ्ठ्यानं कप खाली ठेवला, उठला आणि हवेतली जाळी उचलली! त्याची पोरगी हसून हसून जमिनीवर लोळली. तिनंच बापाचं नाव टिंगटिंग ठेवलं आणि बघता बघता सगळ्या इमारतीनं उचललं. त्याला राग आला नाही. त्याला कशाचाच राग येत नाही, आणि मला त्याच्या ह्याच सवयीचा भारी राग येतो.

पोरीला तो मास्तरीणबाई म्हणतो, कारण ती येता-जाता त्याच्या चुका काढते. वय नऊ-दहा, दोन वेण्या, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. ती शाळेत जायला लागली त्याच सुमारास तिची आई गेली. आजार तसा झटपटच झाला. बाई गेली की तिच्या हाताला काय चव होती असं लोक म्हणायला लागतात. मी म्हणणार नाही. तिचा भात निम्म्या वेळा गोळा व्हायचा आणि मिरी तर ती मूठ-मूठ घालायची. पण संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून झाकणांचा आवाज यायचा, काहीतरी चर्रकन फोडणीला पडायचं, ती बाई पोरीवर ओरडायची, आणि मला मशीनवर बसल्या बसल्या बरं वाटायचं. ती गेल्यावर भिंतीपलीकडून फक्त कागदी पिशवीची चुरचुर ऐकू यायला लागली.

ती पिशवी तो रोज आणायचा. दुकानात कामगारांना पाळीमागे एक जेवण मिळतं, ते तो स्वतः खायचा नाही. पाव तोडून तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा आणि आपल्या वाटणीचं पुडकं बांधून पोरीसाठी घरी आणायचा. बटाटे, तळलेली कोंबडी, सोबत गोड फेसाळ पाणी. वर्षानुवर्षं रोज. तेव्हा हा माणूस आळशी होता असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. जे त्याच्याजवळ सगळ्यात चांगलं होतं ते तो पोरीच्या पुढं ठेवत होता.

मी बोलले नाही असं नाही. "अरे, रोज हेच घालतोस पोरीला?" तर म्हणे, "काकू, गरमागरम असतं. आवडीनं खाते ती." आवडीनं खाणारच! खारट, कुरकुरीत, वर गोड पाणी, कुठल्या पोराला आवडणार नाही? मलाही आवडतं. त्यानं कधी एखादं पुडकं माझ्या हातात दिलं तर मी तळाशी राहिलेले बारके तुकडेसुद्धा बोटानं टिपून खायची. कधीतरी खायला माझी ना नाही. पण ती चीज कुणासाठीच केलेली नसते. ती चव आजारी माणसाला तीच, तान्ह्या पोराला तीच, आणि तिचं काम एकच, आणखी मागायला लावायचं. घरात शिजवणारा माणूस निदान समोरच्याचं तोंड बघून हात आखडता घेतो. "आज तुझं पोट बरं नाही, तिखट नको," असं ते खिडकीतून पुडकं देणारं दुकान कुणाला म्हणणार आहे?

त्यांच्या स्वयंपाकघरात तर बघवत नव्हतं. खण उघडावा तर चटणीच्या चपट्या पुड्यांचा ढीग बाहेर सांडायचा. शेगडीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पोरीनं शाळेसाठी केलेला मातीचा ज्वालामुखी.

पोरीच्या शाळेच्या स्कर्टची कंबर मी सारखी सैल करून देत होते. अंग वाढत होतं, पण जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची. "काकू, थोडं थांबते हं," म्हणायची. पोट दुखतं म्हणायची. मग एक दिवस शाळेच्या मैदानावर पळता पळता ती पडली ती उठलीच नाही. शाळेतून फोन आला, टिंगटिंग तळणीवरचा एप्रन तसाच घालून पळाला. डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त अगदी कमी निघालं. "ही खाते काय?" त्यांनी विचारलं. "रोज ताजं खाते, डॉक्टर," हा मोठ्या अभिमानानं म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "हे बंद. घरात साधं शिजवा. भाज्या, डाळी, अंडी, फळं. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही."

ही बातमी पोरीच्या मावशीला कळली आणि पुढच्याच गाडीनं मावशी दारात हजर.

मावशी म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. राहते दुसऱ्या गावी, एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नवरा नाही, एकुलता एक मुलगा अलीकडेच दूरच्या देशात नोकरीला गेलेला. तिच्या घरच्या जेवणाचं टिंगटिंग फार कौतुक करायचा. टेबल कसं भरलेलं असायचं, कुणीही आलं तरी कसं पुरायचं, लग्नानंतर पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला कसं उठवेना. तिला तो ताई म्हणतो आणि तिच्यापुढं उभा राहिला की शाळकरी पोरासारखे हात मागं बांधतो.

ताईंनी आल्या आल्या स्वयंपाकघर उघडून बघितलं. मीही मागोमाग गेले होते. शेजारीण आहे मी, जाणारच.

"हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"ज्वालामुखी," पोरगी म्हणाली. "मी केलाय."

"शेगडीवर?"

"मग कुठं ठेवू? ती रिकामीच असते."

ताई खुर्चीवर बसल्या. बहिणीचं घर ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच त्या टिंगटिंगला म्हणाल्या, "शाळेला सुट्टी लागली की मी हिला घेऊन जाते. तिकडच्या शाळेचं मी बघते."

"सुट्टीपुरतं ना, ताई?"

"नाही. कायमचं."

कशाचाच राग न येणारा तो माणूस पहिल्यांदाच कुणाला तरी "नको" म्हणाला. एवढंच म्हणाला. मग बराच वेळ पँटीला हात पुसत राहिला आणि म्हणाला, "सुट्टी लागेपर्यंत थांबा. मी शिकतो."

"तुला शिकायचं काय? दिवसभर गावाला खायला घालतोस तू."

"ते मी नाही शिजवत, ताई. ते यंत्र शिजवतं. मी नुसता उचलतो."

ताई काही दुष्ट नव्हत्या. पोरीच्या केसांतून हात फिरवत त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "सुट्टीच्या पहिल्या दिवशी येईन. घरात चूल पेटलेली दिसली तर बघू." पण जाताना जिन्यात मला हळूच म्हणाल्या, तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, पलंगही आणला आहे.

दुसऱ्या दिवशी टिंगटिंग माझ्या दारात उभा. "काकू, शिकवा."

शिकवा म्हणणं सोपं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, कांदा गुलाबी होईपर्यंत परत. तर विचारतो, "किती मिनिटं?" म्हटलं, गुलाबी होईपर्यंत. "हो, पण किती मिनिटं?" अरे बाबा, कांदा घड्याळ बघून गुलाबी होतो का? बटाटे चिरायला दिले तर एकेक तुकडा मोजून-मापून सारखा, आणि तोवर बाहेर अंधार पडायला आला. भात शिजायला ठेवून दिला आणि म्हटलं, लक्ष ठेव. हा हातावर हात घालून शेगडीसमोर उभा. डोळे पातेल्यावर, नाकाशी करपल्याचा वास, धूर वर चाललाय, आणि हा शांत. मी धावत आले. "अरे मेल्या, जळतंय ते!" तर दचकून म्हणतो, "वाजलं नाही ना, काकू."

त्या दिवशी मी कपाळाला हात लावला आणि मग मला त्याची दयाही आली. नाक होतं, डोळे होते, पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. चव बघणं तर त्याला ठाऊकच नव्हतं. दुकानात तळणीवरच्या माणसानं तोंडात काही टाकलं तर कामावरून काढतात. मी चमचा पुढं केला की तो आजूबाजूला बघायचा. मी दटावायची, "तुझं घर आहे. खा." मग तो तळहातावर थेंबभर घ्यायचा, चाटायचा आणि माझ्याकडे बघायचा, बरोबर आहे का म्हणून. मी सांगायची नाही. "तूच सांग," म्हणायची. पोरगी ओट्याजवळ स्टूल टाकून मास्तरकी करायची. "बाबा, मीठ विसरलास. बाबा, झाकण. बाबा, तुला धुराचा वास येतोय, बटाट्याचा नाही!" हे शेवटचं ती अगदी खूश होऊन म्हणाली.

हळूहळू हात बसला. अंडी न फुटता उकडायला लागली, भात मोकळा झाला, टोमॅटोचं सूप तर मीसुद्धा मागून घेतलं. तो चार गोष्टी शिकला, चाळीस नाही. ज्वालामुखी खिडकीत गेला. पोरीच्या गालांवर थोडा रंग आला आणि ती जिन्यात थांबेनाशी झाली.

मग सुट्टीच्या थोडं आधी त्यानं एकट्यानं शिजवायचा दिवस आला. टिंगटिंगनं कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती आणि दुपारपासून घरी होता. "काकू, आज तुम्ही यायचं नाही. आज मी एकटा." बटाटे, गाजर, मटार घालून दाट रस्सा, त्यात उकडलेली अंडी, आणि भात. मी भिंतीच्या अलीकडे मशीन बंद करून ऐकत होते. झाकण वाजलं, फोडणी चर्रली, आणि मला त्याच्या बायकोची फार आठवण झाली.

पोरगी शाळेतून यायची वेळ झाली, टळली, आणि पोरगी काही आली नाही. शाळेत वर्षअखेरच्या कार्यक्रमाची तालीम होती, बाईंनी थांबवून घेतलं होतं. खूप उशिरा जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि ती ओरडतच आत गेली, "बाबा, मी सगळ्या वर्गाला सांगितलंय, आज माझ्या बाबानं एकट्यानं केलंय!"

मग आवाज थांबला. मी गेले. ओटा लख्ख पुसलेला, पातेली घासून पालथी घातलेली आणि कोपऱ्यात कचऱ्याची पिशवी गाठ मारून ठेवलेली. टिंगटिंग बूट घालत होता.

"जेवण कुठाय?" पोरीनं विचारलं.

"अगं, वेळ टळली त्याची," तो अगदी सहज म्हणाला. "मी दुकानातून आणतो पटकन काहीतरी."

दुकानात तसंच आहे. तळलेलं ऊबदार पेटीत ठेवतात, वेळ संपली की पेटी वाजते, आणि आतलं सगळं, चांगलं असलं तरी, डब्यात. गिऱ्हाइकाला थांबलेलं खाणं द्यायचं नाही. त्यानं इतक्या वर्षांत किती चांगलं अन्न असं टाकलं असेल, त्यालाच ठाऊक. घरात पेटी नव्हती, घंटीही नव्हती. पण ही घंटी त्याच्या अंगातच वाजत असणार. त्यानं सगळं पोरीसाठी केलं आणि तिचीच वेळ टळली म्हणून टाकूनही दिलं.

पोरगी त्या पिशवीकडे बघत राहिली. "तू टाकलंस?"

"बाळा, थांबलेलं देत नाहीत गं कुणाला."

"मी कुणीतरी नाहीये!" ती किंचाळली. "तू माझ्यासाठी थांबला नाहीस. मी मावशीकडेच जाते. ती माझी वाट बघते."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं. टिंगटिंग एक बूट पायात आणि एक हातात घेऊन उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून माझ्या खोलीत आणलं, कापडांचा ढीग बाजूला सारून बसवलं. हा माणूस बायको गेली तेव्हा लोकांसमोर रडला नव्हता. आता रडला. तेलाचे बारीक डाग पडलेले ते हात तोंडावर धरून, खांदे हलवत रडला.

"काकू, माझा हात आपोआपच गेला हो. मी विचारसुद्धा नाही केला."

"तिथं विचार करायला देत नाहीत तुला, म्हणून नाही केलास," मी म्हटलं. मलाही रडू येत होतं, म्हणून मी जास्तच खेकसले. "तिथं कोण खाणार हे ठाऊक नसतं. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. घरात दुसरं कोण येणार आहे रे? ती आली नाही तर ती येईपर्यंत झाकून ठेवायचं. गार झालं तर गरम करायचं. अन्न शिजवणं हे निम्मंच काम असतं, बाकीचं निम्मं वाट बघणं."

"आता काय करू?"

"रडून रस्सा परत येणार नाही. अंडी आहेत ना घरात?"

तो उठला. अंडी फोडून, कांदा-टोमॅटो घालून परतून केलं, पाव शेकले, टेबलावर ठेवलं आणि वर झाकण घातलं. पोरीच्या दारापाशी जाऊन म्हणाला, "केलंय. तू आलीस की खाऊ." दार बंदच राहिलं. तो टेबलाशी येऊन बसला. मी बाहेर त्यांच्या उघड्या दारापाशी खुर्ची टाकून बसले होते, मला सगळं दिसत होतं. अंडी गार झाली असणार. त्याची नजर सारखी झाकणाकडे, मग कचऱ्याच्या डब्याकडे, मग झाकणाकडे. शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तसाच बसून राहिला. मला हसूच आलं.

फार वेळानं दार उघडलं. पोरगी आली, सुजलेल्या डोळ्यांनी तिनं बापाकडे बघितलं, त्याचे हात कुठं आहेत तेही बघितलं. झाकण उचललं.

"गार झालं?"

"हो."

"मग गरम कर ना."

दोघं जेवली. पण मावशीकडे जायचं की नाही हे पोरगी बोलली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. मी त्याला म्हटलं, "विचार ना एकदा तिला." तर म्हणाला, "नको, काकू. हो म्हणाली तर?" सुट्टी लागेपर्यंत तो रोज शिजवत राहिला, रोज झाकून ठेवत राहिला, आणि त्याच्या तोंडावर ती एकच भीती होती.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी नेमका दुकानातून निरोप आला. जोडीदार आजारी, तळणीवर कुणी नाही, निदान दुपारपर्यंत तरी ये. टिंगटिंग पहाटेच उठून रस्सा-भात करून, झाकून गेला. जाताना मला म्हणाला, "ताई आल्या तर थांबवून ठेवा, काकू." त्याचा चेहरा बघवत नव्हता.

ताई दुपारी आल्या. सोबत त्यांची पिशवी आणि एक मोठी रिकामी बॅग, पोरीच्या कपड्यांसाठी. शेगडी बंद, घर पुसलेलं, टिंगटिंगचा पत्ता नाही.

"बघितलंत?" ताई मला म्हणाल्या. "आजच्या दिवशीसुद्धा तिथंच. आता येईल हातात पुडकं घेऊन."

"जेवण आहे, मावशी," पोरगी म्हणाली. "बाबा आला की जेवू."

"मला भूक लागली आहे गं. सकाळपासून गाडीत आहे." ताईंनी झाकण उचललं. पोरीनं ते हळूच त्यांच्या हातातून घेतलं आणि परत पातेल्यावर ठेवलं.

"थांब ना थोडं. तो येतोच आहे."

दुपार कलायला लागली. ताई घड्याळ बघत होत्या, पोरगी खिडकीत आणि मी उगाचच एक काज पुन्हा पुन्हा शिवत होते. मग जिन्यातून बटाट्याचा वास आला. मी दारात जाऊन आधी त्याच्या हातांकडे बघितलं. रिकामे होते.

"बसा ताई, बसा," तो धापा टाकत म्हणाला. हात धुतले, शेगडी पेटवली, रस्सा ढवळला. थेंबभर तळहातावर घेऊन चाखला, चिमूट मीठ घातलं, पुन्हा चाखला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताई मात्र त्याच्याकडे बघत होत्या.

आम्ही चौघं जेवायला बसलो. खरं ते सांगते, भात जरा मऊ झाला होता आणि गाजराचे काही तुकडे दाताखाली कचकच करत होते. ताई खाली बघून सावकाश खात होत्या. पहिला घास घेतला तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला होता. टिंगटिंगनं तर घासही घेतला नव्हता.

पोरीनंच विचारलं. "मावशी, मी तुझ्याकडे आले तर तू काय काय करशील?"

"तू म्हणशील ते."

"काल काय केलं होतंस?"

"काल? काल काही नाही. पाव होता."

"आणि परवा?"

पोरीच्या मनात काही नव्हतं, ती खरंच विचारत होती. ताईंनी चमचा खाली ठेवला. "तुझा दादा परदेशी गेल्यापासून नाही गं करवत," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी कुठं पातेली काढायची? खालून काहीतरी आणते, टीव्ही लावते आणि खाते."

"पिशवीतलं? बाबा आणायचा तसं?"

"तसंच," ताई म्हणाल्या. मग टिंगटिंगकडे न बघता, पोरीकडेही न बघता म्हणाल्या, "तू आलीस तर मीही करायला लागेन असं वाटलं होतं मला."

मला त्या बाईचा राग होता, तो तिथंच विरघळला. टिंगटिंगला बोलायची उत्तम संधी होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मग मला कशाला शिकवायला आलात? पण तो तसा नाही. तो उठला, पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला आणि हात मागं न बांधता त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ताई, सुट्टीभर तुम्ही इथंच राहा," तो म्हणाला. "मला चारच गोष्टी येतात, पण रोज करतो."

"मी तिला न्यायला आले होते रे," ताई म्हणाल्या.

पोरीनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा मावशीकडे. "मी नाही येत, मावशी," ती म्हणाली. "तिकडे कुणी करतच नाही. तूच ये."

टिंगटिंग मटकन खुर्चीत बसला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. ताई रडत होत्या आणि रडता रडता एका हातानं डोळे पुसून दुसऱ्या हातानं ताटातला भात गोळा करत होत्या. शेवटचा घास खाऊन झाल्यावर त्यांनी रिकामं ताट पोरीपुढं धरलं.

"वाढ गं," त्या म्हणाल्या. "थोडासाच."

पोरगी उठली आणि तिनं भरपूर वाढलं.